माझं काही म्हणणं नाही

९ फेब्रुवारी

आई,

नमस्कार, खुशाली वगैरे लिहिली असं धरून चाल. तू काजं करतेस त्या दुकानातल्या शिंपीणकाकूंचा काल फोन आला होता. त्यांनी दादाच्या ठकूला शाळेचा फ्रॉक शिवायला घेतला, माप घेताना पाठीवरचे वळ दिसले. त्यांनी तुला विचारलं, तर तू म्हणालीस खरूज आहे. आई, निदान या वेळी रोग तरी नवा शोधायचा होतास. माझ्या पाठीवरही खरूजच होती. वर्गातल्या मुली माझ्याशेजारी बसायच्या नाहीत, आणि बाई मला मलम लावून यायला सांगायच्या.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुझा फोन दादाच्या खिशात असतो आणि घरी आलेलं पाकीट तो तुझ्याआधी फोडतो. वाचून झालं की चिंध्यांच्या पोत्यात टाक. काकूंनी हे आधी वाचलं तरी माझी हरकत नाही. त्या घरात खरं बोलणारं कुणी नाही, तेव्हा शेजारच्या दुकानात असलं तर बरंच.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही, म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मग मीही टाकलं. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. पण वहिनी आजारात गेली आणि ठकू तुझ्या हाती आली, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, चला, आजी आहे, पोरीला कोणी हात लावणार नाही. असं मला कशावरून वाटलं कोण जाणे. आम्हाला मार पडायचा तेव्हाही तू घरातच असायचीस.

मला एवढंच कळव. दादा गॅरेजमधून घरी येतो तेव्हा ठकूने दिवसभरात काय सांडलं, काय फोडलं, काय हरवलं, हे त्याला कुणाकडून कळतं?

२७ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पत्र शेजारणीच्या गुडघ्यांविषयी आहे. उरलेल्या अर्ध्यात तू लिहितेस, "तो बाप आहे, त्याला कळायला नको का? मी फक्त दाखवते. माझा हात जन्मात कुणावर उठला नाही." आणि खाली कोपऱ्यात, "तू तिकडे नक्की काय करतेस? दुकानात विचारतात. मी सांगते रक्त तपासते."

हे वाचून मी प्रयोगशाळेतल्या टेबलावरचा काचनळ्यांचा रॅक भिंतीवर फेकला. आमचे सर धावत आले, काय झालं म्हणाले. मी म्हटलं, आईचं पत्र आलंय. त्यांनी जास्त विचारलं नाही. त्यांनाही आई असावी.

मी रक्त तपासत नाही. पण तुझ्या दोन्ही गोष्टींना उत्तर एकच आहे, तेव्हा काजं करायची बाजूला ठेव आणि वाच.

माणसाच्या कातडीत, नाकात, आतड्यात एका जातीच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना डेंड्रिटिक पेशी म्हणतात. अंगाला चहूकडून फांद्या फुटलेल्या, म्हणून आमच्या खोलीत त्यांचं नाव फांदीवाल्या. बोटात काटा रुतला, त्याच्याबरोबर जंतू शिरले, की फांदीवाली त्यातला एखादा गिळते, पोटात त्याचे तुकडे करते आणि जखम सोडून चालू लागते. ती जवळच्या गाठीत जाते. आजारपणात गळ्याखाली आणि काखेत गाठी सुजतात ना, त्यांत. तिथे टी पेशींची ये-जा असते. यातल्या बऱ्याच जणी जन्मजात मारेकरी, पण झोपलेल्या. प्रत्येकीला जगातला एकच तुकडा ओळखता येतो, आणि पुष्कळ जणींना तो जन्मभर भेटत नाही. फांदीवाली जंतूचा तुकडा अंगावर लावून उभी राहते, काकू कापडाचे नमुने दारात लावतात तशी. टी पेशी येतात, चाचपतात, पुढे जातात. मग त्यातली एखादी थांबते. तो तिचा तुकडा असतो.

आता नीट वाच. थांबली म्हणून ती जागी होत नाही. नुसता तुकडा पुरत नाही. तो दाखवताना फांदीवालीला आणखी एक खूण करावी लागते, की हे साधंसुधं नाही, यात धोका आहे. आम्ही तिला दुसरी खूण म्हणतो. दोन्ही मिळालं की टी पेशी जी उठते ती कुणाचं ऐकत नाही. एकीच्या अनेक होतात, रक्तातून सगळीकडे पसरतात आणि तो तुकडा ज्या पेशीवर दिसेल तिला गाठतात. मी हे रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. ती आपल्या शिकारीला घट्ट मिठी मारते, तिच्या अंगाला भोकं पाडते, भोकांतून आत विष सोडते. शिकार फुगते, तिच्यावर फोड येतात आणि ती फुटते. मारेकरीण तिथे क्षणभरही थांबत नाही, लगेच दुसरीला मिठी मारते. खरं सांगू, मला ते बघायला आवडतं.

फांदीवाली मात्र कुणालाच मारत नाही. ती फक्त दाखवते.

बाबांकडे तू कधी चहाडी केली नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. थर्मास फुटला तर त्याच्या काचा तू केरात टाकायच्या नाहीस, ताटलीत भरून ठेवायचीस. बाबा कारखान्यातून यायचे, हातांचं ऑइल धुवायचे, जेवायला बसायचे, की ताटली त्यांच्यापुढे. ते आधी ताटलीकडे बघायचे आणि मग तुझ्याकडे. आणि तू ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणायचीस, "बघा. माझं काही म्हणणं नाही."

त्यानंतर ते उठायचे. कारखान्यातल्या लेथ यंत्राचा जुना पट्टा दाराच्या मागे असायचा. त्याच्या रबरातून तारा बाहेर आलेल्या होत्या.

दादा अंथरूण ओलं करायचा. ती चादर तू धुवायला टाकण्याआधी बाबांना दाखवायचीस. एकदा त्यांनी ती तशीच ओली त्याच्या डोक्यावरून टाकली आणि वरून मारलं. कुठे लागतंय ते मारणाऱ्याला दिसत नव्हतं, म्हणून ते सगळीकडे मारत होते. आतून चादरीवर लाल डाग येत गेले. पुढचा दात त्यात गेला. चादरीखालून तो आई आई करत होता आणि तू कढई घासत होतीस. माझ्या आठवणीप्रमाणे ती आधीच स्वच्छ होती.

आणि मग तुझा तो ताप. मी बाबांचं दाढीचं यंत्र मोडलं होतं. ते ताटलीत ठेवण्याइतकं त्राण तुझ्यात होतं, पण मग तू आत जाऊन पडलीस. बाबा जेवायला बसले. त्यांनी ताटलीकडे बघितलं, मग ओट्याकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं. ते बराच वेळ ओट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भात वाढ." जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी येताना नवीन यंत्र घेऊन आले. तू बरी झाल्यावरही त्याचं नाव निघालं नाही.

मी रक्त तपासत नाही, आई. तुझं ते वाक्य नसतं तर काय झालं असतं, हे तपासते. दुकानात असं सांगितलंस तरी चालेल.

१८ मार्च

आई,

मी तुला जंतू म्हटलेलं नाही. पत्र परत वाच. फांदीवाली जंतू नसते, जंतूला पकडते. रागवायचंच असेल तर निदान योग्य शब्दावर रागव.

तू लिहितेस, "मी न दाखवून कसं चालेल, त्याला नंतर कळलं तर मलाच विचारेल." म्हणजे तुला त्याची भीती वाटते. हे तू पहिल्यांदाच लिहिलंस. बाबांचीही वाटायची का? मी कधी विचारलं नाही, आणि आज विचारण्याइतकी मी दयाळू झालेली नाही. आत्ता मला फक्त ठकूचं बघायचं आहे.

तर ऐक. फांदीवालीने तुकडा दाखवला आणि दुसरी खूण केलीच नाही, तर टी पेशी नुसती निघून जात नाही. ती बधिर होते. पुढे तोच तुकडा कितीही वेळा समोर आला तरी तिला काही वाटत नाही. आमचं सगळं काम यावर चाललंय. काही माणसांच्या टी पेशी आपल्याच हाडांच्या सांध्यांवर तुटून पडतात, बोटं वाकडी होतात, माणसाला बटण लावता येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही मुक्या फांदीवाल्या वाढवतोय. त्या तुकडा दाखवतात आणि बाकी काही करत नाहीत. मागच्या आठवड्यात डिशमधल्या टी पेशी त्यांच्यापुढून शहाण्या मुलींसारख्या निघून गेल्या. सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

तुझ्या तापातलं बाबांचं ते जेवण आठव आणि असं कर. ताटली ठेवल्याशिवाय तुला राहवणार नाही, तुला मी ओळखते. ठेव. पण ते वाक्य म्हणायचं नाही. त्याऐवजी सुस्काराही नको, भांडं आदळणं नको, पाठ फिरवून उभं राहणं नको. तो तुझ्याकडे बघेल. बघू दे. तू त्याच्याकडे सरळ बघ आणि विचार, चहा टाकू का.

जमेल का तुला? तुझा मुलगा आहे तो, त्याच्या डोळ्यांत बघून चहा विचारणं इतकं अवघड नसावं. आणि अवघड असेल तर मग तूच ओळख, तू कुठल्या घरात राहतेस ते.

११ एप्रिल

आई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी डबा खात होते. वाचलं आणि तशीच जिन्यात जाऊन बसले. रडले. बाबांच्या वेळी उरलेलं होतं ते आत्ता आलं असेल, तू हिशेबात धर.

ठकूचा बूट हरवला, तरी तो काही बोलला नाही. गणितात नापास झाली, तरी नाही. त्याच्या पांढऱ्या शर्टावर तिने शाई सांडली, तू तो शर्ट खुर्चीवर पसरून ठेवलास (किती हौस आहे तुला), तो तुझ्याकडे बघत राहिला आणि तू म्हणालीस, "चहा टाकू?" आणि तो म्हणाला, "टाक. साखर कमी." एवढं मी वाचलं आणि मला पुढचं दिसेना.

ठकू आंघोळ करताना गाणं म्हणते असं लिहिलंयस. तू लिहिलंयस की तिला सूर नाही. नसू दे.

तुझ्या हातचा, साखर कमी असलेला चहा मलाही प्यावासा वाटला. बऱ्याच दिवसांनी असं काही वाटलं.

३ मे

आई,

"तू सांगितलंस तशी मी गप्प बसले."

एवढंच लिहून पत्र पाकिटात घालायला तुला लाज कशी वाटली नाही? पण खोटं तरी काय लिहिलंस? तू खरंच गप्प बसलीस. मीच सांगितलं होतं.

बाकीचं काकूंनी सांगितलं, त्यांना ठकूने सांगितलं. पोरीने अंथरूण ओलं केलं होतं. तू चादर दाखवलीही नव्हतीस, बादलीत टाकली होतीस. तो तोंड धुवायला गेला आणि त्याला ती बादलीत दिसली. त्याने तुझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पोरीला दंडाला धरून उचललं आणि बादलीवर आपटलं, मग भिंतीवर. दंडाचं हाड मोडल्याचा आवाज बाहेर जिन्यापर्यंत आला म्हणे. ती खाली पडली तेव्हा त्याने लाथा घातल्या, पायात गॅरेजचे बूट होते. आणि तू ओट्याशी उभी होतीस, ओठ मिटून, सरळ त्याच्याकडे बघत. मी शिकवलं होतं तसं अगदी तंतोतंत. चहा विचारलास का गं? नको सांगू.

माझी चूक कुठे झाली ते मला कळलंय. शिकाऊ पोरांना मी हे पहिल्या महिन्यात शिकवते. दुसरी खूण लागते ती नव्या टी पेशीला, जिने अजून काही पाहिलेलं नाही तिला. ज्या एकदा उठलेल्या आहेत त्यांच्यातल्या काही नंतर वर्षानुवर्षं शरीरात राहतात, आणि त्यांना कुणाची खूण लागत नाही. ओळखीचा तुकडा कुठेही दिसला की त्या सुटतात. फांदीवाली मुकी असो नाहीतर मेलेली असो, त्यांना फरक पडत नाही. आमच्या मुक्या फांदीवाल्या खऱ्या आजाऱ्यांकडून काढून घेतलेल्या रक्तात घातल्या तेव्हा हेच झालं. नव्या पेशी निवल्या आणि जुन्यांनी डिशमधलं सगळं फाडून ठेवलं. सर म्हणाले, अपेक्षितच होतं. मलाही ते अपेक्षित होतं. डिशमध्ये होतं, घरात नव्हतं.

कारण दादा माझ्या डोक्यात अजून त्या चादरीखालीच आहे. दात पडलेला, आई आई करणारा. तो मला नवाच वाटत होता. बूट, गणित, शाई यांवरून बाबांनी त्याला कधी मारलं नव्हतं. ते त्याला नवं होतं, म्हणून तुझ्या गप्प बसण्याने तो निवला आणि आपण दोघी खूश झालो. पण ओली चादर त्याला कशी नवी असेल? ती त्याला त्याच्या अंगावर शिकवली होती. तुला माहीत होतं, मला माहीत होतं. मीच तुला ते फेब्रुवारीतल्या पत्रात सविस्तर लिहून पाठवलंय, आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

तेव्हा मी सांगितलेलं सगळं रद्द. अशा जुन्या पेशीला समजावून सांगणारं शरीरात कुणी नसतं. तिच्यासमोरून तो तुकडाच हलवावा लागतो. ठकूला त्या घरातून काढ. आज, दिवसाउजेडी, तो गॅरेजमध्ये असताना. तिला काकूंच्या दुकानात ठेव, मी त्यांच्याशी बोलले आहे. मला रजा मिळाली की पहिल्या गाडीने येते.

आणि तू हाडाच्या डॉक्टरला सांगितलंस की ती जिन्यावरून पडली. परत जा. खरं काय ते सांग. तिचा फ्रॉक वर कर आणि पाठ दाखव. मग पोलिसांकडे जा आणि तिथेही दाखव. कसं दाखवायचं हे मी तुला शिकवावं अशी वेळ नाही.

तू म्हणशील, पोटचा मुलगा आहे. आहेच. त्याच्यासाठी मला काय वाटतं ते मी लिहायला बसले तर हा कागद पुरणार नाही. पण आधी पोरगी.

२ जून

आई,

तुझे डोळे अजून उघडत नाहीत म्हणून हे पत्र नर्स वाचून दाखवतील. नर्सताई, एखादी शिवी आली तर गाळू नका, तिला सवय आहे.

मी आले तेव्हा तू गुंगीत होतीस. दोन दिवस मी तुझ्या पलंगाशी बसले होते, तुला आठवणार नाही. मग ठकूला घेऊन परतले, कारण कोर्टाने तिला सध्या माझ्याकडे ठेवायला सांगितलंय. तू काकूंना विचारत होतीस की त्या दिवशी नक्की काय झालं. दादा दुकानात शिरला इथपर्यंतच तुला आठवतंय म्हणे. त्या तुला सांगायला तयार नाहीत, त्यांना रडू येतं. मी सांगते.

तू डॉक्टरकडे जाऊन आली होतीस, पोलिसांत तक्रार दिली होतीस. ते त्याला कुणीतरी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. तो ट्रकच्या जॅकचा दांडा घेऊन आला. ठकू कापड बेतायच्या टेबलाखाली होती आणि तू टेबलापुढे. तो म्हणाला, "बाजूला हो." तू झाली नाहीस. तो म्हणाला, "आई, बाजूला हो, माझी पोरगी आहे." तू म्हणालीस, "आधी मला मार." त्याने मारलं. पहिल्या फटक्यात तुझ्या गालाचं हाड गेलं, दुसऱ्यात खांदा. तू खाली बसलीस पण टेबलाचा पाय सोडला नाहीस. तो टेबलाखाली वाकला तसा तू त्याच्या मनगटाचा चावा घेतलास आणि धरून ठेवलंस. त्याने तुझं डोकं फरशीवर आपटलं, परत आपटलं, तरी तू धरूनच होतीस. काकूंनी तापलेली इस्त्री त्याच्या पाठीवर टेकवली तेव्हा तो सुटला. पोलीस आले तेव्हा तो बाहेरच्या पायरीवर बसून मनगट दाबून रडत होता. त्याच्या मनगटाला टाके पडलेत. त्यातून तुझा एक दात निघाला.

तो आता आत आहे. मी भेटायला गेले होते. मी जायला निघाले तेव्हा म्हणाला, "आई वाचली का?" मी हो म्हटलं.

आता माझं.

ठकू इथे बरी आहे. हात प्लास्टरमध्ये, भूक चांगली, गाणं खरंच बेसूर. परवा रविवारी दुपारी मी तिला म्हटलं, दुधाकडे बघ, मी कपडे वाळत घालून येते. आले तर दूध उतू गेलेलं, गॅस विझलेला, सगळ्या ओट्यावरून दूध खाली वाहतंय, आणि ही खिडकीत उभी राहून मांजर बघतेय. दुधावरून मी किती मार खाल्लाय ते तुला सांगायला नको.

माझा हात वर गेला.

मी तो वर नेला नाही, आई, तो गेला. घरात आम्ही दोघीच होतो. मला कुणी काही दाखवलं नव्हतं, कुणी काही म्हटलं नव्हतं. नुसता करपलेल्या दुधाचा वास होता. ठकूने माझ्याकडे बघितलं, प्लास्टरचा हात पुन्हा मोडू नये म्हणून पाठीमागे लपवला, आणि चांगल्या बाजूचा गाल पुढे करून डोळे मिटले. कपडे इस्त्रीला द्यावेत तसा तिने मला गाल दिला.

हात खाली आला नाही. मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि नळ सोडून बसले. बाहेर आले तेव्हा तिने एका हाताने ओटा पुसून ठेवला होता. मला म्हणाली, "आत्या, आता मारलंस तरी चालेल, प्लास्टर ओलं झालं नाही."

हात कसा थांबला ते मला माहीत नाही. म्हणून पुढच्या वेळी थांबेल की नाही तेही सांगता येत नाही. मी दादाला जुना म्हटलं, तुला शहाणपण शिकवलं, पानंच्या पानं लिहिली. आणि मी कोण आहे हे मला एका पातेलीने सांगितलं. मला माझीच भीती वाटते. हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तुला सोडतील तेव्हा काकूंकडे जाऊ नकोस. इकडे ये. माझ्या मनात तुझ्याविषयी जे आहे ते आहे, ते गेलेलं नाही आणि तू दात घालवलास म्हणून जाणारही नाही. पण मारायला उठलेल्या माणसाच्या आणि लेकराच्या मध्ये उभं राहणं आपल्या घरात आजवर एकीलाच जमलंय, आणि ती तू आहेस.

इथे एकच खोली आहे, पलंग मोठा आहे. मी भिंतीकडे झोपते, ठकू खिडकीकडे. तू आमच्या दोघींच्या मध्ये झोप.